माल पारखा, पण मालाचे गिऱ्हाईक होऊ नका

कापडाच्या धंद्यात एक जुना नियम आहे. जो माल आपल्याला ओळखता येत नाही, तो दुकानात भरू नये. एजंट नमुना दाखवतो, भाव सांगतो, उधारीची मुदत वाढवून देतो. पण तागा उलगडल्यावर सूत कोणते, वीण किती दाट, खळ किती मारली आहे, हे आपल्या बोटांना कळत नसेल तर आपण व्यापारी नव्हे, त्या एजंटचे हमाल आहोत. हा नियम प्रत्येक तिजारतीला लागू आहे. आज तो आम्ही एका अशा मालाला लावून पाहणार आहोत, ज्याची चर्चा सध्या आमच्या पनवेलच्या काही नौजवानांमध्ये चालू आहे.

8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि 25 डिसेंबरपासून तेथून विमाने उडू लागली. विमानतळ आपल्याच पनवेल तालुक्यात आहे. साहजिकच नव्या गिऱ्हाइकासाठी नवे दुकान काढण्याचे बेत रोज कानावर येतात. कोणी सुका मेवा म्हणतो, कोणी अत्तर, कोणी प्रवासाच्या बॅगा. त्यातच एक बेत असा की परदेशी पाईपची तंबाखू, तीही दाबून वडी केलेली उंची तंबाखू, पाईप आणि त्यांचे सामान यांचे शौकीन दुकान काढावे. सांगणारे म्हणतात, डबा लहान, किंमत मोठी, गिऱ्हाईक शिकलेले आणि उधारी नाही.

आमचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. या धंद्यात घरचे भांडवल घालू नये. मात्र नुसते 'नको' म्हणून वडीलकी गाजवण्यात अर्थ नाही. माल काय आहे, तो तयार कसा होतो, त्याची पारख कशी करतात, हे समजून घेऊन मगच 'नको' म्हणावे. माल समजून घेण्यात गुन्हा नाही, आणि या मालाच्या बाबतीत तर नकाराचे कारण त्याच्या पारखीतच दडलेले आहे.

दाबलेली तंबाखू म्हणजे काय

बिडीची तंबाखू आपल्याला माहीत असते. पाईपच्या तंबाखूचे घराणे वेगळे. व्हर्जिनिया जातीचे पान बंद कोठीत नळांतून फिरवलेल्या गरम हवेवर वाळवतात. ते पिवळे राहते आणि त्यात साखर जास्त असते. आपल्या देशात ते आंध्र आणि कर्नाटकात पिकते. बर्ली जातीचे पान सावलीत हवेवर वाळते. त्यात साखर फारच कमी, पण ते बाहेरचा पाक चांगले शोषते. लटाकिया हे सीरिया आणि सायप्रसकडचे पान लाकडाच्या धुरावर धरतात, म्हणून ते काळे आणि धुरकट वासाचे. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातली पेरीक तंबाखू पिंपात आपल्याच रसात महिनोन्महिने दाबून आंबवतात.

ही पाने वाफेने नरम करून, कधी गोड पाक शिंपडून, थरावर थर रचतात आणि दाबयंत्रात तासन् तास, काही ठिकाणी अनेक दिवस, दाबून ठेवतात. सोबत ऊबही देतात. दाबाने पानांतला रस एकमेकांत मुरतो, साखर आणि आंबटपणा जुळून येतो, रंग गडद होतो. मग जी घट्ट वडी निघते तिला प्लग म्हणतात. तिचे पातळ काप केले की फ्लेक. पाने पिळून दोरखंडासारखी वळली की रोप. मुरलेल्या लोणच्याची फोड आणि ताजी फोड यांत जो फरक, तोच दाबलेल्या आणि सुट्या तंबाखूत.

हात, डोळा आणि नाक

नवशिक्याने वडी हातात घेतली की आधी डोळ्याने पाहावी. कापलेल्या बाजूवर पानांचे थर, पिवळे, तांबूस, काळे, वेगवेगळे दिसले पाहिजेत. पृष्ठभागावर बारीक चकाकणारे पांढरे कण दिसले तर घाबरू नये. जुन्या व्हर्जिनियावर असे स्फटिक येतात. पण पांढरे कापसासारखे, केसाळ आणि कुबट वासाचे काही दिसले तर ती बुरशी, डबा गेला. कोकणच्या पावसाळ्यात बुरशी म्हणजे काय हे कापडवाल्याला शिकवावे लागत नाही. ज्या हवेत बंद कपाटातल्या साडीवर डाग पडतो, त्या हवेत उघडलेला तंबाखूचा डबा किती टिकेल? काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीशिवाय हा माल येथे राहत नाही.

मग नाक. येथे आम्हाला खळीची आठवण होते. विरळ विणीच्या कापडाला भरपूर खळ मारली की ते दुकानात भरदार वाटते. पहिल्या धुण्यात खळ उतरते आणि उरते ती जाळी. हलक्या तंबाखूवर व्हॅनिला, चेरी, चॉकलेट यांचे अर्क मारतात, ती तिची खळ. डबा उघडताच सुगंध दरवळतो, गिऱ्हाईक खूष. चिमूटभर तंबाखू रात्रभर कागदावर उघडी ठेवावी. सकाळी अर्क बराच उडालेला असतो. मग जो वास उरतो तो पानाचा. चांगल्या पानात वाळलेल्या गवताच्या गंजीचा, मनुक्याचा, किंचित सिरक्याचा वास राहतो. हलक्यात पुठ्ठ्याचा.

आता तयारी. वडी असेल तर धारदार सुरीने पातळ काप काढतात. काप दोन तळव्यांमध्ये धरून हलके चोळायचे, म्हणजे त्याचे धागे मोकळे होतात. आपल्याकडे चुना लावून तंबाखू मळतात तीच हाताची चाल, फक्त चुना नाही आणि जोरही नाही. डब्यातून निघालेली तंबाखू बहुधा ओलसर असते. ती कागदावर पसरून अर्धा-एक तास सुकवावी लागते, पावसाळ्यात त्याहून जास्त. चिमूट दाबून सोडली की ती हळूहळू उलगडली पाहिजे. गोळा होऊन बसली तर ओली, कडकड वाजली तर जास्त सुकली. उत्तम माल बिघडतो तो बहुतेक याच पायरीवर, कारण नवशिक्याला घाई असते.

येथपर्यंतची पारख हाताची, डोळ्याची आणि नाकाची आहे. मेहनत घेणारा मुलगा वर्षभरात ती शिकेल. पण येथे ती अर्धीच झालेली असते.

आगीची परीक्षा

आम्ही कापडवाले धागा जाळून पाहतो. सुती धागा जळताना जळक्या कागदाचा वास येतो आणि राख भुरभुरीत पडते. पॉलिएस्टर वितळते आणि त्याची कडक गाठ बनते. काडी विझली की आमची परीक्षा संपली, आमच्या अंगाला काही लागत नाही. तंबाखूचीही खरी परीक्षा आगीतच होते, पण ती आग तोंडाला लावावी लागते.

पाईपच्या वाटीत तंबाखू तीन हप्त्यांनी भरतात. पहिली चिमूट अगदी सैल, दुसरी जरा दाबून, तिसरी बोटाने नीट बसवून. न पेटवता ओढून पाहायचे. सरबताच्या नळीतून हवा ओढावी इतपतच अडथळा जाणवला पाहिजे. मग काडी गोल फिरवत पहिला पेट. वरचा थर फुगून उठतो, तो दाबणीने हलका खाली बसवायचा आणि दुसरा पेट द्यायचा. त्यानंतर अगदी सावकाश ओढायचे. धूर छातीत न घेता तोंडातच फिरवून सोडायचा. जोराने ओढले की वाटी तापते, ओल्या तंबाखूची वाफ होते आणि जीभ पोळते. शौकीन मंडळी सांगतात की वाटीचा पहिला तिसरा भाग गोड आणि हलका, मधला भरदार, शेवटचा कडक. कोणते पान किती मिसळले आहे, पाक वरून मारलेला की मुरलेला, ते या तीन टप्प्यांत कळते. मिश्रणाचा मेळ सांगायला दुसरा मार्ग नाही.

आता विचार करा. चहाचा पारखी दिवसाला शेकडो पेले चाखतो आणि चूळ टाकून देतो. अत्तरवाला मनगटावर थेंब लावतो. तांदूळवाला मूठभर दाणे तळहातावर घेतो, फार तर एक दाणा दाताखाली तोडतो. यांतला प्रत्येक जण संध्याकाळी दुकान बंद करून तसाच घरी जातो, जसा सकाळी आला होता. तंबाखूची चूळ टाकता येत नाही. धूर छातीत घेतला नाही तरी निकोटीन तोंडाच्या आतल्या नाजूक कातडीतून रक्तात उतरते. रिकाम्या पोटी नवशिक्याला घाम सुटतो, मळमळते, डोके फिरते. सवय झाली की हे थांबते आणि दुसरे सुरू होते: ओढले नाही तर चैन पडत नाही. पाईप ओढणाऱ्याला तोंडाचा, घशाचा, फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे वैद्यकशास्त्राने केव्हाच सिद्ध केले आहे. 'सिगारेटपेक्षा पाईप बरा' हे सांगणे विकणाऱ्याचे आहे.

आमचे म्हणणे एवढेच आहे. इतर धंद्यांत माल शिकत शिकत माणूस व्यापारी होतो. या धंद्यात माल शिकत शिकत तो आधी गिऱ्हाईक होतो. आणि जो आपल्याच मालाचा बांधलेला गिऱ्हाईक झाला, त्याला भाव करता येत नाही. मिठाईवाला आपलीच मिठाई खाऊन कंटाळतो. तंबाखूवाला कंटाळत नाही.

विजापूरहून आग्र्याला

हा प्रश्न आजचा नाही. आपल्या दख्खनमधूनच तो उत्तरेला गेला. पोर्तुगीजांच्या जहाजांनी तंबाखू या किनाऱ्यावर आणली आणि विजापूरच्या आदिलशाहीत ती लवकर रुळली. शहजादा दानियालच्या लग्नाच्या कामासाठी अकबर बादशहाने असद बेग नावाच्या अधिकाऱ्याला विजापूरला पाठवले होते. 1604 च्या सुमारास तो परतला तेव्हा तंबाखू आणि एक सजवलेली चिलीम घेऊन आला आणि बादशहापुढे नजराणा म्हणून ठेवली. ही हकिगत त्याने स्वतः लिहून ठेवली आहे. बादशहाने दोन-तीन झुरके घेतले. शाही हकीम घाबरला. त्याचे म्हणणे असे की या वस्तूचा आपल्या ग्रंथांत उल्लेख नाही, तिचे गुणदोष तपासलेले नाहीत, म्हणून ती घेऊ नये. असद बेगने उत्तर दिले की प्रत्येक गोष्ट कधी ना कधी नवीच असते आणि फिरंगी लोक काही मूर्ख नाहीत. वाद रंगला. बादशहाने पुढे नाद लावून घेतला नाही, पण अमीर-उमरावांनी मागणी केली, आणि मागणी पाहताच व्यापाऱ्यांनी माल आणला. 1617 मध्ये जहांगीर बादशहाने तंबाखूला मनाई केली. ती मनाई टिकली नाही, तंबाखू टिकली.

या हकिगतीतून व्यापाऱ्याने काय घ्यावे? हकिमाला तो माल माहीत नव्हता, म्हणून त्याने तपासल्याशिवाय नको म्हटले. आज तपासणी होऊन गेली आहे आणि निकालही लागला आहे. असद बेगकडे 'नवी वस्तू आहे' ही सबब होती. आपल्याकडे ती नाही.

दीनच्या बाजूने उलेमांमध्ये मतभेद आहेत. कोणी मकरूह म्हणतात, कोणी साफ हराम, आणि मुबाह म्हणणारेही होऊन गेले. फतवा देणे आमचे काम नाही. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. पण ज्या रिज्कबद्दल विचारायला जातानाच पाय अडखळतात, तिच्यात बरकत शोधायची कशाला?

वहीचा हिशोब

आता वही उघडू. पहिला सवाल गिऱ्हाइकाचा. 2016-17 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी 26.6 टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. आकडा मोठा वाटतो. पण त्यांतले बहुसंख्य तंबाखू खाणारे, मळणारे, मिश्री लावणारे. धूर ओढणारे शंभरात चारही नव्हते, आणि त्यातही बिडी-सिगारेटवाले जवळजवळ सगळे. पाईपवाला किती उरला? विमानतळावरून जाणारा शौकीन शहरात उतरून उरण नाक्याच्या दुकानात वडी शोधत येईल, या भरवशावर गाळ्याचे भाडे भरता येत नाही.

दुसरा सवाल कराचा. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा तंबाखूच्या मालावर 28 टक्के कर आणि वर भरपाई उपकर बसला. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेने अशा मालासाठी 40 टक्क्यांचा दर ठरवला. परदेशी मालावर आयात शुल्क वेगळे. म्हणजे भांडवलाचा मोठा हिस्सा माल विकण्याआधीच करात जातो, आणि माल हळू विकला जाणारा. फळीवर पडून राहिलेल्या मालावरही दरवर्षी अडीच टक्के जकात आहेच.

तिसरा सवाल कायद्याचा. 2003 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे 18 वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकता येत नाही आणि शिक्षणसंस्थेपासून 100 यार्डांच्या आत विक्री चालत नाही. पनवेलच्या भर वस्तीत असा गाळा शोधून दाखवावा. जाहिरात करता येत नाही. आयात केलेल्या डब्यावरसुद्धा ठरलेला चित्रमय इशारा हवा. 2016 पासून तो पाकिटाचा 85 टक्के भाग व्यापतो. बॅगेतून आणलेल्या परदेशी डब्यावर तो नसतो, आणि डबा फोडून तोळ्यावर विकलेल्या तंबाखूवरही नसतो. 'दुकानातच बसून चाखू द्यावे' हा बेत तर आणखी धोक्याचा. मुंबईत कमला मिलच्या आगीत 29 डिसेंबर 2017 रोजी 14 जण मेले, त्यानंतर 2018 मध्ये राज्याने हुक्का पार्लरवर बंदीचा कायदा केला. त्यात एक ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते एक लाख रुपये दंड आहे. पाईप म्हणजे हुक्का नव्हे, असा वाद वकिलाकडे घालता येईल. पण वकिलाची फी वहीत कोणत्या खात्यावर लिहिणार?

ज्यांचे पोट त्यावर आहे

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. तंबाखूवर हजारो घरे चालतात, त्यात आपलीही आहेत. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांकडे कापडासाठी आमची जुनी ये-जा. तेथून निपाणी जवळच. त्या सीमाभागातील काळ्या जमिनीत बिडीच्या तंबाखूशिवाय दुसरे पीक तेवढा पैसा देत नाही, असे शेतकरी सांगत आले. 1981 मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या शेतकऱ्यांनी भावासाठी मोठे आंदोलन केले आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. वखारींमध्ये दिवसभर पान कुटणाऱ्या, चाळणाऱ्या बायकांच्या नाकातोंडात भुकटी जाते. सोलापुरात तर एकाच घरात पुरुष मागावर आणि बाई बिडीच्या सुपावर, असे दोन धंदे पिढ्यान् पिढ्या चालत आले. या लोकांना 'सोडा हा धंदा' असे दुकानाच्या गादीवर बसून सांगणे सोपे आहे. त्यांना दुसरा रोजगार दिल्याशिवाय ते सांगण्याचा हक्क कोणालाच नाही.

पण पनवेलचा जो नौजवान आज नव्याने दुकान काढतो आहे, त्याची गोष्ट वेगळी. तो मजबूर नाही, त्याच्यापुढे निवड आहे. त्याच्या हातात वडिलांच्या निवृत्तीचे पैसे आहेत किंवा आईचे दागिने. निपाणीच्या बाईने नाइलाजाने जे पत्करले, ते त्याने शौक म्हणून का पत्करावे? 'आम्ही नाही विकले तर दुसरा विकेल' ही दलील आम्ही बाजारात फार ऐकली. दुसरा विकेल तर नफा-नुकसान त्याचे, आणि जबाबदारीही त्याची.

मग करावे काय

या मुलांची एक गोष्ट आम्हाला मनापासून आवडली. त्यांना स्वस्त, ढीगभर विकायचा माल नको आहे. ज्याची पारख लागते, ज्याला मुरायला वेळ लागतो, असा माल त्यांना हवा आहे. ही आवड वाया घालवू नये. दाबलेल्या तंबाखूची वडी जे शिकवते, म्हणजे थर पाहणे, वरची खळ आणि आतला माल वेगळा ओळखणे, ओल तपासणे, घाई न करणे, ते सगळे हुनर अत्तराला लागते, खजुराला लागते, चहाला लागते, रायगडच्या जुन्या तांदळालाही लागते. खजुराचीसुद्धा दाबलेली वडी येते. तिलाही बुरशी लागते, तिच्यावरही पाक चढवून हलका माल खपवतात, आणि रमजानच्या आधी चांगला-वाईट खजूर ओळखणारा दुकानदार पनवेलच्या बाजारात शोधावा लागतो. शिवाय त्याला तो माल चाखून घरी मुलांनाही देता येतो.

म्हणून नव्या व्यापाऱ्याने कोणत्याही मालाला तीन सवाल विचारावेत. हा माल मला माझ्या हाताने ओळखता येईल का? तो ओळखायला शिकताना मी स्वतः बिघडणार तर नाही ना? आणि गिऱ्हाइकाला विकताना जे सांगेन, तेच माझ्या मुलाला सांगू शकेन का? तिन्हींची उत्तरे नीट आली तरच गाळ्याची पागडी मोजावी. पाईपच्या तंबाखूच्या बाबतीत पहिल्या सवालाचे उत्तर 'मेहनतीने येईल' असे आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्याचे उत्तर ज्याने त्याने घरी आईसमोर बसून द्यावे.